ज्यांनी जागा राखली

सेलूच्या बाजारात मोटारी भरायची दोन दुकानं एकाच ओळीत आहेत. एक आमचं, दुसरं चार शटरं सोडून. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, खाचा साफ करून नवा कागद बसवायचा, मोजून वेढे द्यायचे, दोऱ्यानं बांधायचं, वार्निश पाजून वाळवायचं, असं हे काम. रब्बीत दुधनेच्या काठच्या आणि विहिरींवरच्या मोटारी रात्रीच्या विजेवर चालतात. व्होल्टेज पडलं की मोटार तापते, एखादा फेज गेला की जळते, आणि ऐन ओंबी भरायच्या वेळी गव्हाचं पाणी तुटतं. शेतकरी मग उजाडायच्या आत मोटारसायकलला मोटार बांधून दुकानापुढं उभा असतो. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे ह्यांच्या, हातची मोटार लवकर जळत नाही, अशी आसपासच्या गावांत ख्याती. आमचं घर सेलूजवळच्या खेड्यात, आणि मी शाळेत मराठी शिकवते.

ह्यांना बायपोलरचा आजार आहे. कधी मन उसळून वर जातं. मग झोप, भूक, पैसा, कशाचाच धाक राहत नाही. कधी तेच मन इतकं खाली बसतं की उठून तोंड धुवायचंही बळ उरत नाही. मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा, किंबहुना चारचौघांहून हुशार. हे सगळं लिहू का, असं मी ह्यांना विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव टाकू नको कुणाचंच. बाकी समदं लिही. पण तांब्याच्या शेठजींचं आधी लिही."

तर आधी तेच.

2008 चा उन्हाळा सरत आला होता. ह्यांची झोप गेली. मध्यरात्री उठून दुकान उघडायचे. विचारलं तर, सुचायलंय तर करून घेऊ दे, असं म्हणायचे. कधीच जळणार नाही अशी मोटार आपल्याला सापडली आहे, असं त्यांना वाटू लागलं. लोकांच्या मोटारी फुकट भरून देऊ लागले. आमच्याकडं लहानथोर सगळे म्हणतात, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. हे ते गंभीरपणे म्हणू लागले. जर्मनीहून इंजिनिअर येणार, सेलूला कारखाना निघणार, गावातल्या प्रत्येक पोराला काम मिळणार. सप्त्याची सगळी पंगत एकट्यानं देण्याचा शब्द देऊन आले. आणि एका दुपारी परभणीहून टेम्पोभर तांब्याच्या तारेची रिळं दारात उतरली. सगळी उधारीवर. आमचं दुकान कित्येक वर्षांत वापरणार नाही इतका माल.

सुरुवातीला कुणालाच हा आजार वाटला नाही. डोकं फिरलेला माणूस कपडे फाडतो, दगड मारतो, एवढंच आम्हाला माहीत. इतका आनंदी, इतका दिलदार माणूस आजारी कसा असेल? एका रात्री मात्र हे गावच्या डीपीवर चढायला निघाले. लाइन चालू. तेव्हा आमच्या गावच्या वायरमननं ह्यांना ना धरलं, ना ओरडला. खाली उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, परमिट घेतल्याबिगर चढायचं न्हाई. तुमीच शिकवलंय आमाला." मग सबस्टेशनला फोन लावायचा, लागत नाही म्हणायचं, पुन्हा लावायचा, असं करत त्यानं ह्यांना उजाडेपर्यंत बोलण्यात गुंतवलं. कामातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसंच सारखं बोलत राहिला. सकाळी त्यानंच गाडी आणली. तेव्हाच्या औरंगाबादेत ह्यांना दाखवलं, तिथं दाखल केलं, आणि आजाराला नाव मिळालं.

हे दवाखान्यात होते, आणि घरात ती रिळं. मी डॉक्टरांचे कागद पिशवीत घालून परभणीला गेले. शेठजींनी कागद पाहिले नाहीत. "मिस्त्री कसे आहेत?" एवढंच विचारलं. मी माल परत घ्या म्हटलं, आणि किती पैसे कापाल ते सांगा, असंही. त्या वर्षी जुलैत तांब्याचे भाव जगभर शिगेला पोचले होते आणि मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या तसे कोसळले. डिसेंबरात ते निम्म्याहून खाली होते. मी गेले तेव्हा घसरण सुरू झालेली. ह्यांनी माल उचलला होता चढ्या भावात, आणि परत येणार होता पडत्या भावात. हा फरक मला तेव्हा कळतही नव्हता. शेठजींना पैशापैशानं कळत होता. त्यांनी सगळा माल बिलाच्या भावानं परत घेतला. चार महिन्यांनी वर्तमानपत्रात भाव वाचले तेव्हा मला समजलं की त्या माणसानं आमच्यासाठी किती तोटा अंगावर घेतला.

पण माझ्यावर खरं ऋण आहे ते त्यांच्या शेवटच्या वाक्याचं. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "ताई, बरे झाले की मालाला त्यांनाच पाठवा. तुम्ही येऊ नका." म्हणजे ह्यांचं खातं बंद झालेलं नव्हतं. ह्या माणसाला आता माल द्यायचा नाही, व्यवहार बायकोशी करायचा, असं त्यांनी ठरवलं नाही. गिऱ्हाईक म्हणून ह्यांची जागा त्यांनी तशीच राखली. पुढच्या वर्षी हे मालाला गेले, आणि शेठजींनी नेहमीसारखा चहा मागवला.

वटपौर्णिमेला गावातल्या बायका मला सावित्री म्हणतात. प्रेमानं म्हणतात, हे मला कळतं. तरी ते मला मान्य नाही. सावित्रीच्या गोष्टीत ती आणि यम, दोघंच असतात. माझ्या गोष्टीत वायरमन आहे, शेठजी आहेत, पुढं येतील ते उस्ताद आहेत, आशाताई आहे, मेडिकलवाला आहे. एकट्या बाईच्या पुण्याईवर हा आजार निभावत नाही. तसं म्हणत राहिलो तर ज्या बाईचा नवरा सावरला नाही तिची पुण्याई कमी पडली, असा अर्थ निघतो, आणि तो क्रूर आहे.

उसळी ओसरली आणि त्या हिवाळ्यात हे खाली बसले. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. दुकानात मोटारींचा ढीग. आजारी पडायच्या आधी घेतलेल्या, दवाखान्यातून आल्यावर उत्साहानं घेतलेल्या. रब्बी ऐन भरात, आणि शेतकरी रोज शटरपाशी येऊन जायचे. चार शटरं पलीकडचे उस्ताद ह्यांच्याहून वयानं मोठे. धंद्यातली चढाओढ होतीच. दोघांचं बोलणं फारसं नव्हतं. एका संध्याकाळी ते आमच्या दुकानापुढं येऊन थांबले आणि म्हणाले, "भाभी, मोटारी मी नेतो. पावती तुमच्याच दुकानाची फाडा."

रात्री स्वतःचं काम संपवून ते आमच्या मोटारी भरायचे आणि पहाटे आमच्या शटरच्या आत आणून ठेवायचे. गिऱ्हाईक आमच्या दुकानातून मोटार न्यायचं, पैसे माझ्या हातात द्यायचं. उस्ताद तारेचे आणि वार्निशचे पैसे घ्यायचे. मजुरीला हात लावायचे नाहीत. त्यांचं आणखी एक काम मला पुष्कळ नंतर कळलं. वेढे बांधताना दोऱ्याची शेवटची गाठ प्रत्येक कारागिराची आपली असते. पुढं ती मोटार उघडणारा गाठ बघून सांगतो की ही कुणाच्या हातची. उस्तादांनी आमच्या मोटारींना ह्यांची गाठ मारली होती. बरे झाल्यावर त्यांतली एक मोटार दुरुस्तीला परत आली. ह्यांनी उघडली, गाठ पाहिली आणि मला म्हणाले, "ही मी भरलेली नाही." मग सरळ उठून त्यांच्या दुकानात गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही.

त्यानंतर लिथियम हे औषध कायमचं सुरू झालं, आणि हात थरथरू लागले. फार नाही, पण ज्या हातांना केसासारख्या तारेचे वेढे द्यायचे त्यांना तेवढी थरथर पुष्कळ. ज्या गोळीनं डोकं ठिकाणावर राहतं तीच रोजीरोटीचा हात हलवते, हे पचवणं सोपं नव्हतं. पुष्कळ जण इथंच गोळी सोडतात. डॉक्टरांनी मात्रा उतरवली, थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल नावाची दुसरी गोळी दिली, त्यानं बराच फरक पडला. उरलेला फरक उस्तादांनी भरून काढला. मिक्सर, पंखे, बारीक तारेची सगळी कामं ते त्यांच्याकडं घेऊ लागले आणि जाड तारेच्या मोठ्या मोटारी आमच्याकडं पाठवू लागले. तेव्हापासून आजतागायत हीच वाटणी आहे.

सासूबाईंविषयी दोनच ओळी लिहिते, कारण त्यांच्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. त्या देवाधर्माच्या, अंगाऱ्यावर श्रद्धा असलेल्या. कुणी भगताचं नाव सांगितलं, कुणी साखळीनं बांधून ठेवा म्हणालं. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडानं बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून गेले, ती बातमी मी शाळेच्या वाचनालयात वाचलेली होती. मी त्यांना ती सांगितली. साखळी सुचवणाऱ्याला त्यांनी परत उंबरा चढू दिला नाही. अंगारा मात्र लावत राहिल्या, आणि रात्रीची गोळी स्वतःच्या हातानं देत राहिल्या. माणसाला साखळीनं बांधून ठेवायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता स्पष्ट मनाई केली आहे. आमच्या घरात ती मनाई त्याआधी कितीतरी वर्षं एका निरक्षर बाईनं केली होती.

माहेरी वेगळी चर्चा चालू होती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बरा न होणारा किंवा सोबत राहणं अशक्य करणारा मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, हे एका वकील नातेवाइकानं माझ्यासमोर सांगितलं. दादा सगळं ऐकून घेत होता. निघताना म्हणाला, "तुझी खोली रिकामी ठेवलीय. ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही." मी राहिले. सुटायची वाट बंद असती तर मी राहिले असं म्हणता आलं नसतं, अडकले असं म्हणावं लागलं असतं. ज्या बायका निघून गेल्या त्यांना मी दोष देत नाही; त्यांच्या घरी उस्ताद नसतील.

मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकावर मी पुष्कळ बसले आहे. आजारी पुरुषाबरोबर बहुतेक वेळा त्याची बायको असते. आजारी बाईबरोबर तिची आई असते, नाही तर भाऊ. नवरा क्वचितच दिसतो. हे सतत पाहिल्यामुळंच डॉ. जगन्नाथ वाणी यांच्याविषयी मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते माझ्या मनातून हललं नाही.

वाणी धुळे जिल्ह्यातले. कॅनडात गेले, कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला. परक्या देशात, नातेवाइकांपासून हजारो मैल लांब, माणसाला भास होतात, संशय येतो, अशा आजारात त्यांनी पत्नीची साथ सोडली नाही. आणि पुढं जे केलं ते आणखी अवघड होतं: त्यांनी ते उघडपणे सांगितलं. प्रतिष्ठित प्राध्यापक, मराठी मंडळातलं मोठं नाव, आणि तो माणूस आपल्या घरातल्या मनोविकाराविषयी चारचौघांत बोलतो! आपल्या समाजात मधुमेह सांगतात, हृदयाची शस्त्रक्रिया कौतुकानं सांगतात. मनाचा आजार सांगत नाहीत. 1997 मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 2004 मध्ये 'देवराई' हा चित्रपट आला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, तोही वाणींच्याच पुढाकारातून. अतुल कुलकर्णी यांनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेला शेष उभा केला आहे.

आम्ही 'देवराई' घरी पाहिला, हे बरे असताना. मला वाटलं होतं, मध्येच उठून जातील. शेवटपर्यंत बसले. मी त्या चित्रपटात भावाला सांभाळणाऱ्या बहिणीकडं बघत होते; तिची दमणूक, तिच्या संसारावर पडणारा ताण, सगळं ओळखीचं. ह्यांचं लक्ष शेषकडं होतं. संपल्यावर म्हणाले, "ह्याला कुणीतरी कामाला लावायला पाहिजे." मग काही वेळानं, "मला तुम्ही लावलं तसं." हा 'तुम्ही' मला एकटीला नव्हता. ह्यांच्या डोळ्यांसमोर कोण कोण होतं, ते मला माहीत होतं.

त्यानंतर मी पुण्याला गेले. वाणींच्या संस्थेच्या स्वमदत गटात आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. आमचा आजार वेगळा, पण कुणी दारात अडवलं नाही. तिथं मी पहिल्यांदा असे नवरे पाहिले, जे बायकोच्या गोळ्यांच्या वेळा सांगत होते, तिच्या झोपेची नोंद ठेवत होते. एकमेकांना विचारत होते, तुमच्याकडं रात्र कशी जाते. सांत्वन कुणी करत नव्हतं. शहाणपण देत होते, तेही कामाचं: झोप कमी झाली की लगेच फोन करायचा, वाट पाहायची नाही, एटीएमचं कार्ड कुणाकडं राहील हे माणूस बरा असतानाच त्याच्याशी बोलून ठरवायचं, आजार आणि माणूस यांची गल्लत भांडतानासुद्धा करायची नाही. परत येताना बसमध्ये मी हे सगळं वहीत उतरवलं. ती वही आजही वापरते.

वाणी यांना मी कधी भेटले नाही. मे 2017 मध्ये ते गेले. मी त्यांना कधी पत्रही लिहिलं नव्हतं. एका माणसानं आपल्या घराचं दार उघडं ठेवलं म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मला माझं दार उघडता आलं. शाळेच्या शिक्षकखोलीत मी ह्यांच्या आजाराचं नाव पहिल्यांदा उच्चारलं ते त्या पुण्याच्या फेरीनंतर. कुणी दचकलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी एक सहकारी बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही हेच आहे."

2015 चा दुष्काळ आला. विहिरी तळाला, दुधनेचं पात्र कोरडं. पाणीच नाही तर मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? दुकान बसलं, आणि त्याबरोबर हेही. त्याच वर्षी सरकारनं आत्महत्यांनी पोळलेल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात परभणी होतं. आमच्या गावची आशाताई प्रश्नांचा कागद घेऊन दारोदार जायची. झोप लागते का, भूक लागते का, जगून काय करायचं असं मनात येतं का. तिनं आमच्या घरी तो कागद काढलाच नाही. ह्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि सरळ विचारलं, "दादा, जीव द्यायचं मनात यायलंय का?" हे "हो" म्हणाले. मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकून घाबरली नाही. असं विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर परभणीला आली. गळफासाला लागेल असं काही, फवारणीची औषधं, सगळं उस्तादांच्या पोरानं आमच्या घरातून उचलून नेलं. आशाताईंना मानधन किती तुटपुंजं मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरातला माणूस त्या तुटपुंज्या पैशांत वाचला.

लिथियमविषयी थोडं सांगते, कारण ते माहीत असलेल्या एका पोरामुळं मी हे लिहायला बसू शकले. मनाच्या आजारावर ह्या औषधाचा गुण 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं दाखवला. महाग नाही, पण सांभाळायला कडक औषध. रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवायचं. दीडच्या वर गेलं की विषासारखं काम करतं. लिथियम हे मिठातल्या सोडियमच्या कुळातलं. घामावाटे अंगातलं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड उरलेलं सोडियम धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही. काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते रक्तात साठतं. आता आमच्या परभणीचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. 2019 ला पारा 45 च्या पुढं गेलेला, दुकानाचा पत्रा तापलेला, शेजारी वार्निश वाळवायची भट्टी. हे दिवसभर घामानं निथळायचे. कंबर धरली म्हणून त्यांनी कुठून तरी दुखण्याची गोळी आणून चार दिवस घेतली. हातांची थरथर वाढली, उलट्या सुरू झाल्या, मग पाय अडखळायला लागले, जीभ जड झाली. रस्त्यावरचे लोक म्हणाले, मिस्त्री प्यायलेत.

मेडिकलवर काम करणारा पोरगा ह्यांच्या गोळ्या नेहमी देणारा. त्यानं दुकानातून बाहेर येऊन ह्यांची चाल पाहिली. "काकू, आज लिथियम देऊ नका. दुखण्याची गोळी घेतली का त्यांनी? आत्ताच्या आत्ता परभणीला न्या." त्यानं तिथल्या दवाखान्यात फोन करून आजार, औषध, मात्रा सगळं सांगून ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा सलाईन तयार होतं. प्रमाण दोनच्या वर निघालं. आता उन्हाळ्यात आमच्या दुकानात पाण्याचा माठ आणि मीठ-साखरेचा डबा असतो, उपास असला तरी पाणी सुटत नाही, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. पुढच्या वर्षी टाळेबंदीत परभणीचा रस्ता बंद झाला तेव्हा ह्याच पोरानं दुधाच्या टेम्पोतून गोळ्या मागवल्या. एकही दिवस खाडा पडला नाही.

लेकीची सोयरीक जमवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं होतं, लपवायचं नाही. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर लेकराला होण्याची शक्यता दहात एक अशी धरतात. नऊ जणांना होत नाही. हे मी मध्यस्थामार्फत कळवलं. दोन स्थळं तिथंच थांबली. तिसऱ्यांनी काही उत्तर दिलं नाही. आठवड्यानं त्या घरचे वडील, जिंतूर तालुक्यातले शेतकरी, जळालेली पाणबुडी मोटार घेऊन दुकानात आले. आपण कोण, कुठले, काही सांगितलं नाही. ह्यांच्याशी वेढ्यांवर, बेअरिंगवर, दरावर बोलले, मोटार भरून होईपर्यंत बसले. पैसे देताना म्हणाले, "मी मुलाचा बाप. आमचं ठरलं." पुढं एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही असं का आलात. म्हणाले, "आजाराचं तुम्ही सांगितलंच होतं. माणूस कसा हाय, ते बघायचं ऱ्हायलं होतं."

उस्तादांना आता मोतीबिंदूनंतर बारीक तार दिसत नाही. त्यांचा नातू दुपारी आमच्या दुकानात शिकायला येतो. दोऱ्याची गाठ मात्र हे त्याला उस्तादांचीच मारायला लावतात.

अलीकडं मला बायकांचे फोन येतात. शाळेतून, माहेरच्या ओळखीतून, कुणाकडून तरी नंबर मिळालेला असतो. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बायपोलरच्या दहापैकी सुमारे सात रुग्ण उपचारांबाहेर दिसले होते. त्या सातांपैकी कुणाच्या तरी घरून हा फोन असतो, असं मी धरून चालते. गेल्या महिन्यात पाथरी तालुक्यातली एक मुलगी भेटायला आली. नवरा ट्रॅक्टर चालवतो, पंधरा दिवस झोपलेला नाही, उधारीवर दोन म्हशी आणल्यात, घरचे म्हणतात बाहेरचं आहे. ती रडत नव्हती; तिला पुढचं काय ते हवं होतं. मी तिला टेली-मानसचा 14416 हा नंबर लिहून दिला, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा ते सांगितलं, बरोबर येते म्हटलं. लिथियम सुरू झालं तर रक्त सकाळी द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. मग एक कोरा कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, तुझ्या नवऱ्याचा ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो अशा माणसांची नावं लिही: म्हशीवाला, ट्रॅक्टरचा मालक, डिझेलवाला, केस कापणारा, शेजारच्या शेतातला. तिनं पाच-सहा नावं लिहिली. मी तिला म्हटलं, दवाखान्यातून आलीस की ह्या माणसांकडं जा, आणि पहिल्यांदा म्हशीवाल्याकडं जा.